शिडीवरचं पाल

रवि. ८ मे २००५, वरवंड

उपास. खंडोबाची आरती झाल्यावर दिलू आला निमोण्याहून. माझ्या पाठचा एकच भाऊ, त्यामुळे आला की घर हलतं. शिरूरच्या दुकानात आता त्याचं नाव लागलंय, एजन्सी अर्धी त्याची. रांजणगावच्या कंपन्यांतले साहेब लोक डोंगरात फिरायला जातात, त्यांचं सामान विकतो. मोठा रंगीत कागद आणला होता. जीपच्या टपावर बसणारा तंबू. बंद केला की पेटी, उघडला की खोली. बाजूला शिडी.

आमचे सासरे, आबा, कागद डोळ्यापाशी धरून बघत बसले. मग म्हणाले, "पालाला शिडी! आमच्या मेंढ्या हसत्याल."

पण कागद सोडला नाही हातातून.

९ मे

काल लिहायचं राहिलं. दौंडच्या डॉक्टरांनी आबांना काचबिंदू सांगितलाय. गेली तेवढी नजर परत येत नाही म्हणाले. उरलेली किती दिवस, ते सांगत नाहीत.

आबांचं एकच. दसरा झाला की मेंढरांच्या जुन्या वाटेने कोकणात उतरायचं. वरंधा घाटाखाली, जिथं मेंढपाळांच्या तंबूत, पालात ह्यांचा जन्म झाला, ती जागा ह्यांना दाखवायची. एक उंबर, एक शेंदराचा चिरा. जागा आबांशिवाय कुणाला ठाऊक नाही. सासूबाई होत्या, त्याही गेल्या.

ह्यांचंही एकच. थोरले दीर सात वर्षांचे असताना त्याच वाटेवर जमिनीवर निजले होते, फुरसं चावलं, तिथंच गेले. हे म्हणतात, "त्या मातीत पाठ टेकणार न्हाई, शपथ हाय." लॉजवर राहू म्हटलं तर आबा म्हणतात, "लाजवर ऱ्हायाचं तर जायाचं कशाला? तिथलं वारं लागाय नगं व्हय?"

बापाला आभाळ पाहिजे, मुलाला जमीन नको. म्हणून हा शिडीचा तंबू. बाकी हौस कुणाची नाही.

११ मे

घाईने काही घ्यायचं नाही, ही माझी रीत. तीन ठिकाणी तेच तीन प्रश्न विचारले. पाऊस आत येईल का? आला तर बघायला कोण येणार? किती दिवसांत?

गगन (मुंबईचा तंबू) – चौथ्या खेपेला फोन उचलला. "पानी का तो सवाल ही नहीं, मॅडम." बघायला कोण येणार? "आप कुरियर कर देना." टपावरचा तंबू कुरियरने! पुढचं विचारलंच नाही.

शिखरछाया (पुण्याचा, दिलूकडचा) – पहिल्या घंटीला उचलला. मुलीचा आवाज गोड. थेंब येणार नाही, आला तर चोवीस तासांत आमचा माणूस तुमच्या दारात. हे तिने पाठ म्हटल्यासारखं म्हटलं, पण म्हटलं.

तिसरे दौंडचे बशीरचाचा. ट्रकच्या ताडपत्र्या शिवतात. वडलांपासूनचा धंदा. त्यांना समक्ष विचारायचं.

१५ मे

दौंड. बशीरचाचा जमिनीवर बसून एवढी मोठी ताडपत्री मांडीवर घेऊन शिवत होते. साडीला फॉल लावावा तसं. प्रश्न ऐकले, चष्मा काढला.

"वहिनी, पाऊस येणार न्हाई असं कोन सांगंल? पाऊस हाय तो. आला तर माझ्याकडं आणा, त्याच दिवशी बसतो. पर ही उघड-मिट पेटी नव्यानं बनवाय मला जमंल का, ते खात्रीनं न्हाई सांगत."

खरं बोलले. आणि खरं बोलले म्हणूनच मी कचरले, हे आज लिहून ठेवते.

दिलूला संध्याकाळी फोन. म्हणाला, "अक्का, कंपनी राहू दे, मी हाय ना?"

संपला प्रश्न.

२ जून

आला. किंमत घरखर्चाच्या वहीत आहे, इथं नको.

दिलूने स्वतः आमच्या वडापच्या जीपवर बसवला. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आबा एका दमात शिडी चढले, मीच खाली हात पसरून उभी. आतून आवाज, "सूनबाई, हितनं चौफुला दिसतोय!" एवढ्या लांबचा चौफुल्याचा नाका काही दिसत नाही. पण दिसतोय म्हणाले.

सोबतचा माहितीचा कागद सगळा इंग्रजी. मॅट्रिकच्या इंग्रजीत मावेना. चित्रं तेवढी बघितली.

५ जून

हे वडापच्या पाशिंजर फेऱ्या मारून दुपारी निजले, तेव्हा मी वर चढले आणि एक काम केलं. जेजुरीचा भंडारा चार बोटांच्या पिशवीत घातला आणि ती छताला आतून, बरोबर मधोमध, हाताने शिवली. निजणाऱ्याच्या छातीवर देव असावा. फुरशाचं भय ह्यांना एकट्यालाच आहे असं नाही. टाक्यांवर बाहेरून मेणबत्ती घासली, चांगली दाट. पापडाच्या पिशव्यांना करते तसं.

ह्यांना सांगितलं नाही. "देव डॅशबोर्डवर हाय की, टपावर आन् दुसरा कशाला?" म्हणतील. आबांनाही नाही.

९ जून

हे तंबूची पेटी टपावर ठेवूनच वडाप मारतात. पाशिंजर विचारतात, "ड्रायव्हर, वर काय सासू बांधलीय का?" हे म्हणतात, "सासरा हाय, हळू बोला."

२६ जून

आबा गेले आठ दिवस अंगणात, जीपवरच निजतात. स्लॅबखाली झोप लागत नाही म्हणतात. आज पहाटे सर आली, मोठी नव्हती. उजाडता मी वर गेले तर उशाकडची सतरंजी चिंब. आबा एका कोपऱ्यात गुडघे छातीशी घेऊन बसलेले. "हाक का मारली नाही?" म्हटलं तर म्हणाले, "जावयाच्या दुकानचं हाय, बोभाटा कशाला?" माझ्या भावाला ते जावई म्हणतात. चिडवायला.

पाणी डोक्याकडच्या शिवणीतून. पिशवीपाशी हात लावून पाहिलं. कोरडी खडखडीत.

कंपनीला फोन. गोड मुलगी. "मॅडम, कम्प्लेंट नोंदवली." नंबर दिला.

२९ जून

चोवीस तासांचे तीन दिवस झाले. फोन. "साहेब मीटिंगमध्ये आहेत."

४ जुलै

फोन. दुसरी मुलगी. पहिलीने नोंदवलेली तक्रार सापडत नाही. परत सगळं सांगितलं. परत नंबर. आता माझ्याकडे नंबर दोन आणि ओली सतरंजी एक.

९ जुलै

आबांना खोकला. खाली निजा म्हटलं तर ऐकत नाहीत. "पाल गळतं म्हून कुनी पाल सोडतं व्हय?"

१२ जुलै

दिलूला फोन. त्याला म्हटलं, कंपनी टोलवतेय, तू बघ. जीव भरून आला होता, बोलता बोलता पिशवीचंही सांगितलं. चार बोटांची, मधोमध, मेण लावलंय, तिथं थेंब नाही. पण माझ्या हातून काही चुकलं तर नाही ना? कुणाला बोलू नको, ह्यांनाही ठाऊक नाही.

"येडी का तू? मी कुनाला सांगतोय!"

मन हलकं झालं.

२१ जुलै

कंपनीचा माणूस आला. पंचविसावा दिवस. बूट पांढरे. जीपभोवती एक चक्कर मारली, खालूनच दोन फोटो काढले. वर चढा म्हटलं तर "गरज नाही, ताई." चहाही नको म्हणाला.

आबा म्हणाले, "ह्यो बूट जपाय आलाय."

३ ऑगस्ट

कंपनीचं पत्र. मराठीत, टाइप केलेलं. ह्यांच्या नावे. ह्यांनीच मोठ्याने वाचलं, मी पोळ्या करत होते.

"…ग्राहकाने छताच्या आतील बाजूस, मध्यभागी, चार बोटे रुंदीची धार्मिक वस्तूची पिशवी सुईने शिवली असल्याने वॉरंटी रद्द समजण्यात यावी…"

हे वाचायचे थांबले. "कुठली पिशवी?"

सांगितलं. तव्यावरची पोळी जळली. हे वर चढून बघून आले आणि हात धुतले. नंतर एवढंच, "आपल्याला सांगितलं असतं तर चाललं असतं."

दिवसभर एकच डोक्यात. पांढऱ्या बुटाचा माणूस वर चढलाच नाही. आबांना ठाऊक नव्हतं. ह्यांना नव्हतं. चार बोटं हे माप मी एकाच माणसाला

४ ऑगस्ट

काल पुढं लिहवलं नाही.

शेजारच्या मास्तरीणबाईंकडून तो इंग्रजी कागद वाचून घेतला. कापडाला सुई लावू नये असं आहे त्यात, खालच्या ओळीत, बारीक. ती चूक माझीच. पण थेंब तिथून आला नाही. चूक वेगळी, थेंब वेगळा.

१९ ऑगस्ट, राखी

येईल की नाही वाटलं होतं. आला. पेढे, साडी. साडी भारी, नेहमीपेक्षा.

राखी बांधली. जेवण होईपर्यंत काही विचारलं नाही, पानावर बसलेल्याला विचारू नये. आंचवल्यावर विचारलं.

"दिलू, कंपनीला कुणी सांगितलं?"

"अक्का, साहेब सारखं इचारत हुतं. तोंडातून गेलं."

"चुकून?"

"चुकूनच की. मी आन् मुद्दाम सांगीन व्हय?"

चुकून गेलं असेल. माझ्याही तोंडून गेलंच होतं की त्याच्यापाशी. असं मनाला सांगितलं. साडी कपाटात ठेवली, घडी न मोडता.

२२ ऑगस्ट

मन ऐकेना. कंपनीला रजिस्टर पत्र पाठवलं, पोचपावतीसह. विचारलं, तुमचा माणूस वर चढला नाही, मग हे आढळलं कुणाला? ज्या कागदावरून ठरवलं त्याची नक्कल द्या. तीनदा लिहून काढलं, चौथ्यांदा साफ.

६ सप्टेंबर

नक्कल आली. कंपनीला एवढं तरी लवकर जमलं.

विक्रेत्याचा लेखी जबाब. टाइप केलेला नाही, हाताने लिहिलेला. नाव वाचायची गरज पडली नाही. चुलीपाशी बसवून, कोळशाने फरशीवर, ही अक्षरं मीच गिरवून घेतली होती. आई शेतावर जायची, मी चौथीत.

"सदर महिला ग्राहक देवभोळी असून तिने स्वतःच तंबूस छिद्रे पाडली आहेत. तंबू विकतेवेळी निर्दोष होता. याबाबत विक्रेत्याची कोणतीही जबाबदारी नाही."

सदर महिला. पानभर शोधलं, बहीण हा शब्द कुठं नाही.

देवभोळी. आहे मी. त्याच्या बारावीला दर रविवारी कुणासाठी उपास धरला होता? तो सुटलाच नाही अजून. तेव्हा भोळी नव्हते का मी?

तारीख बघितली. १४ जुलै. मी फोन केला त्याच्या दोन दिवसांनी. चुकून गेलेलं तोंडातून जातं, लेखणीतून नाही.

७ सप्टेंबर

दिवा लावला, आरती म्हणवली नाही. नुसती बसले.

ह्यांना नक्कल दाखवली. वाचून घडी करून परत दिली. "तुझा भाऊ हाय," म्हणाले. यात दोष होता की आधार, विचारलं नाही.

१४ सप्टेंबर

तंबू घेऊन दौंडला. आबाही आले. बशीरचाचांनी अंगणात जीप लावायला सांगितली, शिडीवर चढले आणि घागरीने पाणी ओतत गेले, एकेका शिवणीवर. मी आत बसून बघायचं, कुठून येतं.

पिशवीच्या टाक्यांवर तीन घागरी ओतल्या. थेंब नाही. "मेन कुनी लावलं?" "मी." "झकास लावलंय. पोरांना शिकवायला या."

मग डोक्याकडची शिवण. अर्ध्या घागरीत माझ्या हातावर धार.

खाली उतरल्यावर चाचांनी शिवण दोन बोटांत धरून दाखवली. कापड एकेरी दुमडलंय, दुहेरी पाहिजे. मग सहज म्हणाले, "हीच बिमारी. या मालाचे दोन तंबू एप्रिलात दुरुस्त केलेत मी. गिऱ्हाइकांनी परत केलेले. एक शिरूरचा पोरगा टेंपोत घालून आणायचा. म्हणायचा, 'तिकडं कुनाला दाखवत न्हाई, चाचा, बोभाटा हुतो.' लई गोड बोलायचा."

एप्रिलात.

मी विचारलं, "उजव्या भुवईवर व्रण होता?"

"व्हय. ओळखता?"

तो व्रण पाटा निसटून झालेला. मी कडेवर घेऊन वैद्याकडे पळाले होते.

"ओळखते," म्हटलं. आबांनी माझ्याकडे तोंड केलं. त्यांना आता चेहरा नीट दिसत नाही, पण केलं. चाचांना काय कळायचं ते कळलं असावं. बसले आणि संध्याकाळपर्यंत शिवण उसवून दुहेरी करून दिली. त्याच दिवशी बसतो म्हणाले होते, त्याच दिवशी बसले.

एका कागदावर लिहून दिलं की पाणी कंपनीच्या शिवणीतून येत होतं, पिशवीतून नाही. खाली सही, ऐटीत. "गरज लागली तर बोलवा, समोर येऊन सांगतो."

१५ सप्टेंबर

म्हणजे "मी हाय ना" म्हणाला तेव्हा त्याला ठाऊक होतं. मे महिन्यात. हे पिशवीच्या आधीचं.

पिशवीचं मी मनात माफ करत आणलं होतं. याचं कसं करू? आबा गळत्या पालात गुडघे धरून बसले होते.

२५ सप्टें.

ग्राहक मंचाकडे अर्ज लिहिला. मास्तरीणबाई म्हणाल्या, कंपनीबरोबर विकणाऱ्याचंही नाव घालावं लागेल. घातलं. सामनेवाले क्र. २. बापाचं नाव लिहिताना पेन अडकलं. ते माझ्याही बापाचं नाव.

एक वाक्य जपून लिहिलं. "छतास शिवलेल्या पिशवीच्या जागेतून पाणी येत नाही, हे मी स्वतः पाहून लिहीत आहे." सगळा अर्ज याच वाक्यावर उभा आहे. सही केली नाही अजून. रोजनिशीत ठेवला.

२ ऑक्टो.

ऊन मी म्हणतंय. जीप दिवसभर चौफुल्यावर उन्हात. पेटीला हात लावला तर चटका बसतो.

आबांनी आज भाकरी ताटाबाहेर ठेवली. उजवीकडचं दिसत नाही आता.

१२ ऑक्टो., दसरा

दिलू आला सोनं द्यायला. कसं कळलं ठाऊक नाही, पण अर्जाचं कळलंय. आबांच्या पाया पडला, ह्यांना पानं दिली. मग माझ्यासमोर हात पुढं करून उभा. हातात आपट्याची पानं.

"अक्का, अर्ज टाकलास तर एजन्सी जाईल माझी."

"एप्रिलात ठाऊक होतं का तुला?"

पानं सारखी केली. मग म्हणाला, "वाटलं, तुझा तरी चांगला निघंल."

मला तरी! लॉटरी होती का? आबा निजणार होते त्यात.

"आणि सदर महिला?"

"कागदावर तसंच लिहित्यात, अक्का."

हात तसाच पुढं. मी घेईना. आबा खाटेवरून म्हणाले, "सोनं घे गं सूनबाई. सणाचं हाय. घेतलं म्हंजी मिटलं, असं न्हाई."

घेतलं. देवापुढं ठेवलं. त्याने काही ऐकायची वाट बघितली. गेला. जेवला नाही. दसऱ्याला माझ्या दारातून उपाशी गेला, हे पहिल्यांदाच.

१६ ऑक्टो.

निघालो. आबा पुढच्या सीटवर. वाटेत प्रत्येक ओढ्याला नाव घेतात. हे विचारतात, "दिसतंय का आबा?" "वास येतोय की."

अर्ज, बशीरचाचांचा कागद, पोस्टाचं पाकीट सोबत आणलंय. का, ते सांगता येणार नाही.

१७ ऑक्टो., घाटाखाली

सापडलं. उंबर नाही, वठून गेला असावा. चिरा आहे. आबांनी गुडघ्यावर बसून हातांनी चाचपून शोधला, आम्ही तिघांनी मिळून वरचं गवत काढलं. शेंदूर कुणीतरी अजून लावतं. कोण असेल?

आबांनी ह्यांचा हात धरून चिऱ्यावर ठेवला. "हितं. पाऊस हुता. पाल गळत हुतं. तुझ्या आईनं तुला पोटाखाली धरलं हुतं." हे पन्नाशीला आले, लहान मुलासारखं तोंड झालं. मी लांब जाऊन चुलीची लाकडं गोळा केली.

१८ ऑक्टो.

दुपारी परतीचा पाऊस. कोकणातला, आडवा. तिघं वर चढलो, चेन लावून बसलो. जीप हलत होती. ह्यांनी डोक्याकडची शिवण बोटांनी तपासली. ठणठणीत कोरडी. "बशीरचाचा!" म्हणाले, जसे ते समोरच बसलेत.

तेवढ्यात आबांच्या सदऱ्यावर एक थेंब पडला. पिवळा.

मी वर बघितलं. पिशवी भिजून काळपट झालेली. खालच्या टोकाला दुसरा थेंब जमत होता. मेण ऑक्टोबरच्या उन्हात वाहून गेलं असणार. सप्टेंबरात तीन घागरींना दाद दिली नव्हती.

ह्यांचं लक्ष नव्हतं. आबांनी छाती चाचपली. "पानी कुठनं येतंय गं?"

खरं सांगितलं. "देवाच्या पिशवीतून, आबा."

"भंडारा का? मग पुसू नगंस. ऱ्हाऊ दे."

पुसला नाही. पाऊस थांबेपर्यंत सात थेंब पडले, सदरा पिवळा झाला. आबा हात जोडून आडवे पडले होते, अगदी सुखात.

आता उघडलंय. हे दोघं ओढ्यावर गेलेत, मी जीपमध्ये बसून लिहितेय. अर्ज मांडीवर आहे. "पिशवीच्या जागेतून पाणी येत नाही, हे मी स्वतः पाहून लिहीत आहे." लिहिलं तेव्हा खरं होतं. दिलूने लिहिलं तेव्हा खोटं होतं, आणि आज ते खरं झालंय. माझ्याच हाताने. एप्रिलचं मात्र तसंच आहे, ते कुठल्या उन्हात वितळायचं नाही.

हे वाक्य खोडलं तर अर्ज उभा राहत नाही. ठेवलं तर सही माझी, आणि ज्याचा भंडारा त्याने वरून बघितलंय.

हे ओढ्यावरून हाक मारतायत. महाडला डिझेल घ्यायचंय, तिथं पोस्ट आहे, थांबायचं का विचारतायत.

पेन हातात आहे. येते म्हटलं.